बाहेरून

आमच्या घरी ‘बाहेरून’ हा शब्द आवाज जरासा उतरवून उच्चारला जायचा. “बी.ए. आहे, पण बाहेरून.” त्या ‘पण’मध्येच सगळा निकाल लागलेला असायचा.

आईने नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं तेव्हा मी नववीत होते. आई अंगणवाडी सेविका. लग्न लवकर झाल्यामुळे शाळा अर्धवट सुटलेली. विद्यापीठाचा पूर्वतयारी शिक्षणक्रम करून ती बी.ए.ला बसली. रविवारी एस.टी.ने तालुक्याच्या अभ्यासकेंद्रावर जायची. एरवी रात्री भांडी उरकली की पुस्तिका उघडून स्वाध्याय लिहायची. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्या विद्यापीठाचं ब्रीद. त्यावर काकू ओट्यापाशी म्हणाली होती, “गंगा नळाला आली की ते नळाचंच पाणी!” आणि मी खळखळून हसले होते.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण वयाच्या पस्तिशीत मी नर्सिंगची पदवी घेतली ती बाहेरूनच. तीही अमेरिकेत, जिथे अभ्यासकेंद्र नाही, वर्ग नाही, वेळापत्रक नाही, रविवारची एस.टी.सुद्धा नाही. फक्त स्वयंपाकघरातलं टेबल, लॅपटॉप आणि नाइट ड्यूटीनंतरचे लाल डोळे.

माझं मूळ मत कुठून आलं तेही सांगते. मी जी.एन.एम., म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, केलं ते सांगली जिल्ह्यातल्या एका मिशन हॉस्पिटलच्या नर्सिंग स्कूलमध्ये, २००५ ते २००९. तेव्हा तो अभ्यासक्रम साडेतीन वर्षांचा होता. वसतिगृह, पहाटेची प्रार्थना, सातची ड्यूटी. चादरीचा कोपरा नीट दुमडला नाही तर सिस्टर ट्यूटर अख्खी खाट पुन्हा करायला लावायच्या. केस बुकात स्वतः केलेल्या वीस बाळंतपणांच्या नोंदी आणि प्रत्येकीखाली सही लागायची. कॅथेटर टाकताना हात जरा इकडेतिकडे लागला की मागून आवाज यायचा, “काढ ते ग्लोव्ह्ज. पहिल्यापासून.” त्या शिस्तीनं माझे हात घडवले. नर्सिंग हातांनी शिकायचं असतं आणि कुणीतरी पाठीशी उभं राहून शिकवायचं असतं, हे माझं मत तिथे पक्कं झालं. ते मी पुढे बिल्ल्यासारखं मिरवलं.

लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे न्यू जर्सीत आले. माझ्या एच-४ व्हिसावर काम करायची परवानगी नव्हती. २०१५ मध्ये नियम बदलला आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत ठराविक टप्पा ओलांडलेल्यांच्या जोडीदारांना ती मिळू लागली. तोवर मी कागद जमवत होते. गुणपत्रिकांची पडताळणी, इंग्रजीची परीक्षा आणि शेवटी एन-क्लेक्स, म्हणजे नर्सच्या परवान्याची परीक्षा. त्यात तुमच्या उत्तरांचा अंदाज घेत संगणक पुढचा प्रश्न ठरवतो. तेव्हा कमीत कमी ७५ प्रश्न असायचे, जास्तीत जास्त २६५. पंचाहत्तराव्या प्रश्नाला माझा पडदा बंद झाला आणि मी पार्किंगमध्ये बसून रडले. पास झाले होते.

अमेरिकेत नोंदणीकृत नर्स व्हायला बॅचलर पदवी लागत नाही. दोन वर्षांची असोसिएट पदवी घेतलेली, डिप्लोमावाली आणि चार वर्षं कॉलेजात गेलेली, तिघी हीच परीक्षा देतात आणि तिघींच्या बिल्ल्यावर आर.एन. हीच दोन अक्षरं असतात. मला वाटलं, सुटले.

२०१८ मध्ये एका मोठ्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि नेमणूकपत्रात एक ओळ निघाली. पाच वर्षांत नर्सिंगची बॅचलर पदवी घ्यावी लागेल. ही एकट्या त्या हॉस्पिटलची लहर नव्हती. २०१० मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने नर्सिंगच्या भवितव्यावर मोठा अहवाल काढला होता. २०२० पर्यंत देशातल्या ८० टक्के नर्स पदवीधर असाव्यात, असं त्यात सुचवलं होतं. हडसन नदीच्या पलीकडे न्यू यॉर्क राज्यानं डिसेंबर २०१७ मध्ये कायदाच केला, की नव्याने परवाना घेणाऱ्या नर्सनं दहा वर्षांत पदवी मिळवावी. नर्सिंगच्या दर्जासाठी मिळणाऱ्या ‘मॅग्नेट’ मानांकनाच्या मागे धावणारी हॉस्पिटलंही पदवीधर नर्सची टक्केवारी मोजू लागली होती.

मी चिडले. ज्या हातांनी मी बाळंतपणं केली, मेलेल्यांचे डोळे मिटले, त्यांना आता निबंध लिहायला लावणार? आमच्या फ्लोअरवर एक मल्याळी चेची, म्हणजे ताई, होती, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी. ती म्हणाली, “ऑनलाइन कर. आपल्या गतीनं करता येतं. मी तसंच केलं.” मी म्हटलं, “पैसे देऊन कागदच आणायचा तर एवढं सोंग कशाला?” चेची काही बोलली नाही. औषधांची ट्रॉली ढकलत पुढे गेली. तिनं दोन मुलं आणि दोन नोकऱ्या सांभाळून चार वर्षांत ती पदवी घेतली होती, हे मला नंतर कळलं.

मग २०२० आलं. त्या वर्षी मला कुणी पदवी विचारली नाही. त्यामुळे माझा राग शमण्याऐवजी अधिकच मुरला. पाच वर्षांपैकी जवळजवळ चार अशीच गेली आणि जानेवारी २०२२ मध्ये, नोकरी जाईल या एकाच भीतीनं, मी नाव घातलं.

या पद्धतीची घडण सांगायला हवी. अमेरिकेत पश्चिमेकडच्या १९ राज्यांच्या गव्हर्नरांनी मिळून १९९७ मध्ये वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटी स्थापन केली. तिथे तासांना महत्त्व नव्हतं, येतं की नाही याला होतं. पुढे इतर विद्यापीठांनीही तसे अभ्यासक्रम काढले. माझं विद्यापीठ त्यांपैकीच एक. फी विषयांवर नसते, सहा महिन्यांची एकरकमी असते. त्या सहा महिन्यांत दोन विषय संपवा नाहीतर दहा, पैसे तेवढेच. म्हणजे अनलिमिटेड थाळी. वाढणारे वाढायला तयार असतात, पोट तुमचं. परवाना असलेल्या नर्सचं आधीचं शिक्षण धरलं जातं, त्यामुळे इंजेक्शन कसं द्यायचं हे पुन्हा कुणी शिकवत नाही. उरतात संख्याशास्त्र, संशोधन वाचणं, सामुदायिक आरोग्य, नेतृत्व, माहिती-तंत्रज्ञान असे विषय. माझ्या भाषेत तेव्हा, ‘खाटेपासून लांबचे’.

हजेरी नाही हे मला फार खटकायचं. मग एकदा वाचलं, की हे तास मोजण्याचं प्रकरण आलं कुठून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कार्नेगी फाउंडेशनला प्राध्यापकांना पेन्शन द्यायचं होतं. त्यासाठी कुठलं कॉलेज पात्र हे ठरवायचं, तर प्रवेश घेणाऱ्या मुलांचं शालेय शिक्षण मोजायला काहीतरी माप हवं. ते तासांत ठरलं आणि पुढे कॉलेजंही तासच मोजायला लागली. मुलं किती शिकली याचं माप मास्तरांच्या पेन्शनीतून निघालेलं! नर्सिंग स्कूलमध्ये रात्रपाळी करून दुपारच्या तासाला उघड्या डोळ्यांनी झोपून भरलेली माझी हजेरी मला आठवली. तीही त्या साडेतीन वर्षांत धरलेलीच होती.

पहिला विषय मी नऊ दिवसांत संपवला. बहुतेक सगळं येतच होतं. नवऱ्याला म्हटलं, “बघ, म्हणत नव्हते? नळाचंच पाणी आहे.”

दुसरा विषय पुराव्यावर आधारलेल्या शुश्रूषेचा. आपल्या फ्लोअरवरचा एखादा प्रश्न घ्यायचा, त्यावरचं संशोधन शोधायचं, तपासायचं, बदल सुचवायचा. मी कॅथेटरमुळे होणारा मूत्रमार्गाचा संसर्ग घेतला, कारण कॅथेटर टाकण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. संसर्ग होतो तो निष्काळजी हातांमुळे, असा पाच पानांचा निबंध एका रात्रीत लिहिला. तो परत आला. या पद्धतीत चाळीस टक्क्यांवर सुटका नसते. प्रत्येक मुद्द्यापुढे ‘जमलं’ किंवा ‘जमलं नाही’ एवढंच. माझ्या मुख्य मुद्द्यापुढे शेरा होता, की दावा आहे, पुरावा नाही. शब्द बदलून पुन्हा पाठवला. पुन्हा परत. तिसऱ्यांदा परत आला तेव्हा मी लॅपटॉप आपटला आणि मग मूळ कागद वाचायला बसले. एवढी वर्षं नर्स होते, पण मूळ कागद असा कधी वाचलाच नव्हता.

अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रानं २००९ मध्ये या संसर्गाबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात कॅथेटर केव्हा योग्य याची यादी आहे आणि केव्हा अयोग्य याचीही. अयोग्यच्या यादीत पहिलंच कारण असं, की लघवीवर ताबा नसलेल्या रुग्णाच्या शुश्रूषेला पर्याय म्हणून कॅथेटर ठेवणं.

शुश्रूषेला पर्याय म्हणून. मी ते वाक्य तीनदा वाचलं.

इमर्जन्सीतून कॅथेटरसकट वर आलेली म्हातारी, रात्रीचे दोन, माझ्याकडे सहा रुग्ण. काढला तर ती दर दोन तासांनी बेल वाजवणार, उठताना पडणार, चादरी बदलाव्या लागणार. म्हणून “सकाळी बघू”. सकाळी दिवसपाळीची नर्स म्हणायची, “रात्रीपासून आहेच, राहू दे.” कॅथेटर आत असेल तर लघवीत जंतू शिरण्याची शक्यता दर दिवशी ३ ते ७ टक्के असते. तो किती निर्मळ हातांनी टाकला, एवढ्यावरच सगळं थांबत नाही. तो किती दिवस ठेवला, यावर फार काही ठरतं. मला टाकायला शिकवलं होतं आणि उत्तम शिकवलं होतं. काढायचा केव्हा, हे डॉक्टर सांगतील. तो प्रश्न माझा नव्हता, मी तो स्वतःचा कधी होऊच दिला नव्हता.

आमच्या फ्लोअरच्या कॉरिडॉरमध्ये एक पांढरा बोर्ड आहे. शेवटचा रुग्ण पडून किती दिवस झाले, शेवटचा कॅथेटर-संसर्ग होऊन किती दिवस झाले, असे आकडे त्यावर असतात. या संसर्गाचे जादा पैसे हॉस्पिटलला द्यायचे नाहीत असं मेडिकेअरनं, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यविम्यानं, ऑक्टोबर २००८ पासून ठरवलं, तेव्हापासून या आकड्यांना भाव आला. चार वर्षं मी त्या बोर्डासमोरून गेले होते. त्या रात्री पहिल्यांदा थांबले. मधला एखादा शून्यावर आलेला दिवस माझ्या ‘सकाळी बघू’चा असणार.

चौथ्यांदा निबंध लिहिला तो माझ्या विरोधात. तो पास झाला. त्यानंतर माझ्या ड्यूटीत एवढाच बदल झाला, की चार्ज घेताना मी विचारते, “कॅथेटर आहे, पण कशासाठी आहे?” उत्तर आलं नाही तर त्याच पाळीत डॉक्टरांना फोन करते.

संख्याशास्त्राच्या विषयात दुसरा धक्का होता. नर्सना पदवीची सक्ती करणारे सगळे एका अभ्यासाचा दाखला देतात. लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये पेनसिल्व्हानियातली १६८ हॉस्पिटलं आणि २,३२,३४२ शस्त्रक्रियेचे रुग्ण घेऊन तो केला. पदवीधर नर्सचं प्रमाण दहा टक्क्यांनी जास्त, तिथे दाखल झाल्यापासून तीस दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता पाच टक्क्यांनी कमी, असा त्याचा निष्कर्ष. ऐकीव माहितीवर मला तो अपमान वाटायचा. म्हणजे माझ्या हातून माणसं मरतात असं म्हणायचंय का? मूळ लेख वाचल्यावर कळलं, की तो माझ्याबद्दल काहीच म्हणत नाही. तो हॉस्पिटलांबद्दल बोलतो, आणि दोन गोष्टी एकत्र आढळतात एवढंच दाखवतो. एकीमुळेच दुसरी होते, हे त्यातून सिद्ध होत नाही. माझा राग फुकटचा होता. पण तो अभ्यास हातात घेऊन नर्सना भोसकणाऱ्यांचा उत्साहही फुकटचाच होता.

आणि त्याच एकनबाईंचा आदल्या वर्षीचा, २००२ चा लेख मला सापडला. एका नर्सवर एक रुग्ण वाढला की मृत्यूची शक्यता सात टक्क्यांनी वाढते, असं तो सांगतो. पहिल्या लेखाचा सूर माझ्या नेमणूकपत्रात उतरला होता. दुसऱ्याचा कुठेच नव्हता. पुढे युनिटच्या बैठकीत मी दोन्ही लेख शेजारी ठेवले. मॅनेजरबाईंनी ते घेतले, “वाचते” म्हणाल्या. माझ्या वाट्याचे रुग्ण काही कमी झाले नाहीत. पण त्याआधी त्याच बैठकीत मी फक्त “फार लोड आहे हो” म्हणायची. ते रडगाणं होतं, हा मुद्दा होता.

तिसरी गोष्ट आईमुळे झाली. त्या उन्हाळ्यात ती सहा महिन्यांसाठी आली. पहिल्याच आठवड्यात, मी नाइट करून येऊन टेबलाशी बसले असताना तिनं विचारलं, “कॉलेज कुठाय गं तुझं?”

“कुठे नाही. घरूनच.”

“म्हणजे बाहेरूनच की!” तिनं हे इतक्या सहज म्हटलं, की मला चहा गिळवेना.

सामुदायिक आरोग्याच्या विषयात एक स्वाध्याय होता. गाडीच्या काचेतून एखादी वस्ती बघत जायची आणि आरोग्याच्या नजरेनं टिपणं करायची. मी एडिसन–आयझलिनचा ओक ट्री रोड निवडला. साड्यांची दुकानं, मिठाया, भेळ, सगळं आपलंच. आई शेजारच्या सीटवर. मी दवाखाने आणि औषधांची दुकानं मोजत होते. आई म्हणाली, “म्हातारी माणसं कुठे बसतात?” मी बघितलं. पार्किंगच्या सिमेंटच्या कडेवर दोन आजोबा टेकले होते. “एवढा मोठा रस्ता, आणि एक कट्टा नाही?” जन्मभर घरोघरी सर्वेक्षण करणाऱ्या बाईची नजर होती ती. मग तिनं त्या आजोबांशी पाच मिनिटं मोडक्या हिंदीत गप्पा मारल्या आणि येऊन सांगितलं, की मुलाकडे पाहुणे आलेत, इथे औषधांना विमा नाही, गावाकडून आणलेल्या गोळ्या पुरवून पुरवून खातायत. आईच्या स्वतःच्या बॅगेतही सहा महिन्यांच्या पट्ट्या रबर लावून ठेवलेल्या होत्या.

त्या स्वाध्यायासाठी वाचताना कळलं, की आपल्यासारख्या आशियाई लोकांत मधुमेहाची तपासणी बी.एम.आय. २३ पासूनच करावी असं अमेरिकन डायबिटीस असोसिएशन सांगते. इतरांसाठी तो आकडा २५ आहे. आमच्या फ्लोअरवर ‘वजन व्यवस्थित आहे’ म्हणून मी कितीतरी देशी रुग्णांच्या बाबतीत निर्धास्त राहिले होते. हा स्वाध्याय पहिल्या फटक्यात पास झाला. त्यातला कट्ट्याचा मुद्दा आईचा होता.

संख्याशास्त्राची परीक्षा घरातच, कॅमेऱ्यासमोर. निरीक्षक कुठल्यातरी दूरच्या शहरात. तिनं लॅपटॉप उचलून अख्खी खोली फिरवून दाखवायला लावली. टेबलाखाली, कानांमागे, मनगटांवर. मग भिंतीवरच्या कालनिर्णयावर तिची नजर थांबली. “त्यावर काय लिहिलंय?” एकादशी आणि संकष्टी इंग्रजीत समजावण्यापेक्षा मी ते उतरवून ठेवलं. आईला खोलीबाहेर जावं लागलं. दोन तासांनी दार उघडलं तर ती पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसलेली. बोर्डाच्या परीक्षेला शाळेबाहेर पालक बसतात, तशी.

त्या संध्याकाळी मी तिला ओट्यापाशी सांगितलं. नववीत असताना मी आणि काकू हसायचो ते. बोलायला जड गेलं. ती भाजी चिरत राहिली आणि म्हणाली, “माहीत होतं मला. पण पेपर तुम्ही थोडीच तपासणार होतात?”

माझं मत सगळंच्या सगळं बदललेलं नाही. परवाना मिळण्याआधीचं शिक्षण या वाटेनं व्हावं, असं मी आजही म्हणणार नाही. सिस्टर ट्यूटरनं ग्लोव्ह्ज काढायला लावल्याशिवाय हात तयार होत नाहीत. आपल्या गतीनं शिकायचं म्हणजे गती नसेल तेव्हाही एकटीनंच शिकायचं, हेही खरं. शंका विचारायला शेजारचा बाक नसतो. दुसऱ्या सहामाहीत दोन महिने मी लॅपटॉप उघडलाच नाही आणि कुणाला ते कळलंही नाही. थाळीवर ताव मारून कागद घेऊन निघून जाणारेही मी पाहिले आहेत. पण तसे लोक मी वसतिगृहात, वर्गात, हजेरीच्या वहीतही पाहिले होते.

मला चुकीचं कळलं होतं ते ‘बाहेरून’चं. साडेतीन वर्षं मी वॉर्डाच्या आत शिकले, पुढे कितीतरी वर्षं आतच वावरले. आत असताना कॅथेटर हा हाताचा प्रश्न दिसतो. तो दिवसांचा, रुग्णसंख्येचा, पैशांचा प्रश्न आहे, हे बघायला चार पावलं मागे सरावं लागतं. तेवढी जागा मला नाइटनंतरच्या त्या टेबलाशी मिळाली.

चेचीला मी ते सगळं बोलले. ती म्हणाली, “मीही आधी तसंच म्हणायची,” आणि हसली.

मार्च २०२३ मध्ये, मुदत संपायला थोडेच महिने उरले असताना, शेवटचा विषय पास झाला. पदवीदानाला गेले नाही, त्या रात्री ड्यूटी होती. प्रमाणपत्र टपालानं पुठ्ठ्याच्या पाकिटात आलं. आईला व्हिडिओ कॉल लावला. ती म्हणाली, “जवळ धर. अजून जवळ.” चष्मा लावून, बोट फिरवत तिनं एकेक इंग्रजी अक्षर वाचलं. मग विचारलं, “बाहेरून केलंय असं कुठे लिहिलंय का गं?”

“नाही.”

“माझ्यावर पण नव्हतं लिहिलेलं,” आई म्हणाली.